नव्याचे नऊ दिवस: अमेरिकेतल्या नव्या सरकारने आधी काय हातात घ्यावं?

रविवारी सकाळी मी थालीपीठ थापत होते, हाताला पीठ, आणि नेमका भाचीचा व्हिडिओ कॉल. तिच्या दाराच्या मुठीला कुणी कार्यकर्ता एक कार्ड अडकवून गेला होता, पुढे उमेदवाराचा हसरा फोटो, मागे पाच चौकोन, आणि वर लिहिलेलं की आमचं सरकार आलं तर पहिल्या वर्षात काय करावं, एक ते पाच क्रम लावा आणि पोस्टात टाका, स्टॅम्पचा खर्चही त्यांचाच. चौकोन असे: महागाई-नोकऱ्या-टॅक्स, हेल्थकेअर, क्लायमेट, इमिग्रेशन, रस्ते आणि पूल. "मावशी, तू एवढं वाचत असतेस, पटकन सांग ना कुठे काय टाकू." पटकन! मी गॅस बंद केला.

ही भाची माझ्यानंतर सहा वर्षांनी या देशात आली आणि माझ्या आधी सिटिझन झाली, कारण नवरा इथलाच, ग्रीन कार्ड मिळाल्यावर तीन वर्षांत अर्ज. मी २००८ पासून न्यू जर्सीत आहे आणि मला अजून मत नाही, ग्रीन कार्डच २०२२ ला हातात पडलं, त्यापुढचा पाच वर्षांचा हिशोब पुरा व्हायचाय. पण सल्ला द्यायला मत लागत नाही, आणि तिचं मत पेनसिल्व्हेनियातलं, म्हणजे भलतंच वजनदार. २०१६ ला ट्रम्प तिथे सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले, २०२० ला बायडेन सुमारे ८० हजारांनी, एवढ्या मोठ्या राज्यात एवढा फरक म्हणजे ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. तर तिला जे फोनवर अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितेय, कारण असं कार्ड तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारावर येणार आहे.

पहिली गोष्ट, कार्डावरचा प्रश्न फसवा आहे. महत्त्वाचं काय आणि आधी काय, हे दोन वेगळे प्रश्न. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी येतो खरा पण दोन वर्षांनी मिडटर्म असतात, अख्खं हाऊस (संसदेचं कनिष्ठ सभागृह) आणि एक तृतीयांश सिनेट (वरिष्ठ सभागृह) परत मतदारांसमोर, आणि त्या वर्षात कुणी अवघड मत द्यायला तयार नसतं, म्हणजे हातात खरे दिवस साधारण वर्ष-सव्वा वर्ष. त्यात कॅबिनेटच्या नेमणुका, बजेट, मध्येच उपटलेलं एखादं संकट. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथे अक्षरशः मोजून मिळतात.

दुसरी गोष्ट, काम होण्याचे रस्ते तीन, आणि प्रत्येक विषय कुठल्या रस्त्याने जाऊ शकतो हे आधीच ठरलेलं असतं. एक म्हणजे सही, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, पहिल्या दिवशी दुपारी करता येते पण पुढचा माणूस त्याच टेबलावर बसून ती पुसतो. हवामानाचा पॅरिस करार बघा, ओबामांनी २०१६ ला अमेरिकेला आत नेलं, ट्रम्पनी बाहेर काढलं, बायडेननी २०२१ ला परत आत नेलं, ट्रम्पनी २०२५ ला शपथेच्या दिवशीच परत बाहेर, म्हणजे दिवाळीला माहेरी यावं तसं ये-जा चालू. आणि सही केली म्हणजे काम झालं असंही नाही, ओबामांनी २२ जानेवारी २००९ ला ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करायचा आदेश काढला होता, तो अजून उघडाच आहे.

दुसरा रस्ता सिनेटमध्ये साध्या बहुमताचा, ज्याला रिकन्सिलिएशन म्हणतात, पण त्यातून फक्त सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध असलेल्याच गोष्टी जातात. संबंध आहे की नाही हे सांगायला सिनेटमध्ये एक नियमवाल्या बाई बसतात, पार्लमेंटेरियन एलिझाबेथ मॅकडोनो, आपल्या शाळेतल्या कडक पर्यवेक्षिका असतात ना तशा. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी १५ डॉलर किमान वेतन बाहेर काढलं, म्हणाल्या हे इथे बसत नाही, झालं. तिसरा रस्ता १०० पैकी ६० मतांचा, फिलिबस्टर म्हणजे चर्चा लांबवून बिल अडवून ठेवायची सिनेटमधली रीत, ती मोडून. एका पक्षाकडे ६० असणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. २००९ मध्ये डेमोक्रॅट्सकडे तो आला, तोही जुलैत अल फ्रँकन यांनी शपथ घेतल्यावर, पुढच्याच महिन्यात टेड केनेडी गेले, आणि १९ जानेवारी २०१० ला त्यांचीच मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांनी जिंकली. मधले रिकामे आठवडे धरून सगळा खेळ जेमतेम सात महिन्यांचा.

आता एकेक चौकोन.

महागाई-नोकऱ्या-टॅक्स. इथे माझं मत जरा उलटं आहे. हा सगळ्यात महत्त्वाचा चौकोन आहे आणि म्हणूनच तिथे एक नंबर टाकून फार काही मिळत नाही, कारण तुम्ही टाका न टाका सरकार तिकडेच आधी धावतं. आधी पोटोबा. ओबामा आले त्या जानेवारीत एका महिन्यात सात लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या होत्या (आम्हाला येऊन वर्षही झालं नव्हतं, नवऱ्याच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी खोका घेऊन बाहेर पडायचं, आणि एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीपुरत्या मिळालेल्या व्हिसावर, असताना नोकरी गेली तर काय याचा विचार आम्ही दोघं वेगवेगळं जागं राहून करायचो). २० जानेवारीला शपथ आणि १७ फेब्रुवारीला ७८७ अब्ज डॉलरच्या पॅकेजवर सही, चार आठवड्यांत. हाऊसमध्ये एकाही रिपब्लिकनने मत दिलं नाही, सिनेटमध्ये तिघांनी दिलं, तरी झालं. बायडेन यांचं १.९ ट्रिलियनचं पॅकेज ११ मार्च २०२१ ला, तेही रिकन्सिलिएशनने. ट्रम्पनी २०१७ ला आधी हेल्थकेअरमध्ये हात घालून उन्हाळा वाया घालवला पण टॅक्सचा कायदा तरीही २२ डिसेंबरला करून दाखवलाच, कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्के, आणि आमच्यासारख्या न्यू जर्सीवाल्यांच्या राज्य आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीला १० हजारांचा बांध, ते एक दुखणं वेगळंच.

म्हणजे हे होतंच. प्रश्न कसं होतं याचा. २००९ च्या पॅकेजमध्ये नोकरदारांना माणशी ४०० डॉलर टॅक्स सूट होती, जोडप्याला ८००, पण ती चेकने न देता पगारातून कापला जाणारा टॅक्स थोडा कमी करून दिली, आठवड्याला आठ-दहा डॉलर. अर्थशास्त्र्यांचा हिशोब असा की चेक आला की लोक बँकेत टाकतात, असं मुरवून दिलं की खर्च करतात. हिशोब बरोबर असेलही, पण लोकांना कळलंच नाही की टॅक्स कमी झालाय, आणि मत द्यायच्या वेळी न कळलेल्या गोष्टीचे आभार कोण मानणार? २०२० मध्ये ट्रम्पनी बरोबर उलटं केलं, कोविडच्या चेकवर स्वतःचं नाव छापून घेतलं. हसायला येतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ना.

आणि दुसरं, टिकतं का? बायडेन यांच्या त्या पॅकेजमध्ये मुलांमागे टॅक्स क्रेडिट वाढवलं होतं, जुलै ते डिसेंबर २०२१ दर महिन्याला सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलर आणि मोठ्यांमागे २५० थेट खात्यात. सरकारच्याच एका मोजणीत मुलांमधली गरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली, इतकी खाली ती कधीच नव्हती. मग मुदत संपली, पुढच्या मोठ्या बिलात ते चालू ठेवायचं ठरलं होतं, वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन १९ डिसेंबर २०२१ ला टीव्हीवर येऊन नाही म्हणाले, आणि २०२२ ला तोच आकडा १२.४. शिवाय जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के, तिला ते पॅकेज किती कारणीभूत आणि पुरवठ्याची बोंब आणि युक्रेनचं युद्ध किती यावर अर्थशास्त्री अजून भांडताहेत, पण दुकानात अंडी घेणाऱ्या माणसाने ठरवून टाकलं होतं.

आता हेल्थकेअर आणि क्लायमेट हे दोन मी मुद्दाम एकत्र घेतेय, कारण यांची तुलना इतिहासानेच करून ठेवलीय. २००९ ला ओबामांसमोर हे दोन मोठे डोंगर होते आणि दोन्ही चढायचं ठरलं. २६ जून २००९ ला हाऊसने क्लायमेटचं वॅक्समन-मार्की बिल पास केलं, २१९ विरुद्ध २१२. २१ मार्च २०१० ला त्याच हाऊसने हेल्थकेअर पास केलं, २१९ विरुद्ध २१२. आकडासुद्धा तोच! एक आज घराघरात ओबामाकेअर म्हणून माहीत आहे, दुसऱ्याचं नाव सांगितलं तर लोक विचारतील ही कुठली वकिलांची फर्म.

फरक कुठे पडला? क्लायमेटचं बिल सिनेटमध्ये मतदानाला आलंच नाही, जुलै २०१० मध्ये सोडून दिलं. एकतर सिनेटचं सगळं वर्ष हेल्थकेअरने खाल्लं होतं, दुसरं म्हणजे त्या बिलाचं दुखणं आधी आणि गुण नंतर. कंपन्यांना कार्बनची परवानगी विकत घ्यावी लागणार, म्हणजे वीज महागणार, हे विरोधक दोन वाक्यांत सांगायचे, आणि फायदा काय तर २०५० मध्ये पृथ्वी जरा कमी तापेल. कोळशाच्या पट्ट्यात हे विकणार कसं? व्हर्जिनियाचे रिक बाउचर, १९८३ पासून हाऊसमध्ये, त्यांनी कोळशासाठी त्या बिलात सवलती घालून घेतल्या आणि मग हो म्हणाले, तरी २०१० ला घरी बसले. त्याच वर्षी मॅन्चिन यांनी सिनेटच्या जाहिरातीत त्या बिलाच्या कागदाला बंदुकीने गोळी घातली, खरोखरची, आणि निवडून आले. म्हणजे हाऊसमधल्यांनी जोखमीचं मत दिलं, त्याची किंमत मोजली, आणि बदल्यात कायदाही नाही, हात दाखवून अवलक्षण.

हेल्थकेअरचीही किंमत काही थोडी नव्हती. तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ रॅम इमॅन्युएल सांगत होते छोटं करा, ओबामांनी ऐकलं नाही. ऑगस्ट २००९ च्या टाउन हॉलमध्ये लोक खासदारांवर ओरडत होते, सिनेटने चक्क २४ डिसेंबरला सकाळी ६०-३९ ने पास केलं, मग ब्राऊन जिंकले आणि साठावं मत गेलं, उरलेली डागडुजी रिकन्सिलिएशनने करावी लागली. नोव्हेंबर २०१० मध्ये रिपब्लिकन्सनी हाऊसच्या ६३ जागा वाढवल्या. मुख्य भाग लागू व्हायला २०१४ उजाडलं, त्याच्या आधी १ ऑक्टोबर २०१३ ला वेबसाइट उघडली ती अशी झोपली की पहिल्या दिवशी देशभरात अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा! आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या जेवणाची नोंदणी यापेक्षा बरी होते.

पण टिकलं. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष, हाऊस, सिनेट तिन्ही विरोधकांकडे होते, सात वर्षं रद्द करू म्हणून प्रचार केलेला, आणि २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला, ४९ विरुद्ध ५१. टिकलं कारण तोपर्यंत ते लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. आधी डायबेटिस असला तर स्वतःहून विमा घ्यायला गेलेल्या माणसाला कंपनी सरळ नाही म्हणू शकायची, ते बंद झालं. मुलगा २६ वर्षांचा होईपर्यंत आईबापांच्या विम्यात, हे तर २०१० पासूनच लागू झालं आणि तेवढं एकच कलम प्रत्येक कॉलेजवाल्या घरात माहीत होतं. विमा नसलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ९ च्या आसपास आलं. एकदा घरात आलेला फ्रिज परत न्यायला आलं की माणूस दारात आडवा होतो, तसं झालं.

तरी सगळं गोडगोड नाहीये. प्रीमियम आणि डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे द्यायच्या आधी आपण खिशातून भरायची रक्कम) बघितलं की विमा आहे की नाही असा प्रश्न पडतो, आणि प्रीमियमवरची २०२१ मध्ये वाढवलेली सबसिडी २०२५ च्या अखेरीस संपली, तिच्यावरून १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद होतं आणि तरीही ती वाचली नाही. म्हणून या चौकोनात नव्या सरकारला नवीन काही उभारायला न सांगता गळकं छप्पर दुरुस्त करायला सांगता येतं, आणि सबसिडी म्हणजे जमाखर्च, म्हणजे ५१ चा रस्ता मोकळा. हे मला फार मोठं वाटतं.

क्लायमेटवाले मधल्या काळात शिकले. छडी चालत नाही तर गाजर. ऑगस्ट २०२२ च्या कायद्यात ऊर्जा आणि क्लायमेटसाठी अंदाजे ३६९ अब्ज डॉलर, त्यातलं बरंचसं टॅक्स क्रेडिट, इलेक्ट्रिक गाडीवर ७,५०० डॉलर, छतावरच्या सोलारवर ३० टक्के, आणि पास कुणाच्या मताने झालं, तर त्याच गोळी घालणाऱ्या मॅन्चिन यांच्या. पण ५१ ने आलेलं ५१ ने जातं. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनी सही केलेल्या कायद्याने गाडीवरची सूट ३० सप्टेंबरला संपवली, घरच्या सोलारवरची ३१ डिसेंबरला. आमच्या गल्लीत त्या डिसेंबरमध्ये थंडीत शिड्या लावून सोलारवाले काम करत होते, समोरचे काका रोज खाली उभे राहून त्यांना विचारायचे, इकतीस तारखेच्या आत मीटर लागेल ना? म्हणजे हेल्थकेअरचं गाजर टिकलं आणि याचं तीन वर्षांत गेलं, कारण हेल्थकेअरला लोकांच्या घरात शिरायला चांगली चार-सहा वर्षं मिळाली, याला नाही मिळाली. क्लायमेटला तुमच्याकडून वरचा नंबर द्यायचाच असेल तर जरूर द्या, मुलांच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे, पण मग पहिल्या सहा महिन्यांत करा असंही लिहा. उशिरा आलेलं गाजर लवकर खाल्लं जातं.

इमिग्रेशन. इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगते.

आमच्या घरात प्रायॉरिटी हा शब्द सरकारच्या संदर्भात कधी वापरलाच गेला नाही. प्रायॉरिटी म्हणजे प्रायॉरिटी डेट, ग्रीन कार्डाच्या रांगेत आपण कधी लागलो ती तारीख. आमची ऑगस्ट २०११, ईबी-टू, म्हणजे नोकरीवाल्यांच्या रांगांमधली दुसरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्के, हा १९९० च्या कायद्यातला हिशोब, म्हणजे आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन येतं, त्यात आपली तारीख आली का बघायचं, दहावीच्या निकालासारखं, फक्त दर महिन्याला आणि दरवेळी नापास. २०१२ च्या वसंतात भारताची ईबी-टू तारीख मे २०१० पर्यंत आली होती, आम्ही फोटो काढून ठेवले, मेडिकल कुठे करायचं ते बघून ठेवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत ती मागे मागे सरकत सप्टेंबर २००४ ला जाऊन बसली. तो कागद नवऱ्याने फ्रिजवर लावला होता, मी काढून टाकला. मी तेव्हा एच-फोरवर, नवऱ्याच्या व्हिसाच्या जोडीने मिळणाऱ्या व्हिसावर, म्हणजे इंजिनिअरिंगची डिग्री ट्रंकेत आणि काम करायला मनाई, सात वर्षं. २०१५ मध्ये ओबामांच्या काळात नियम बदलला, ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डाचं काम रांगेत अडकलंय त्यांना काम करायची परवानगी, तेव्हा मला नोकरी करता आली. हा नियम होता, कायदा नव्हता, पुढे दरवर्षी तो जाणार जाणार अशी भीती असायचीच.

आता मोठं चित्र. ओबामांनी २००८ च्या प्रचारात सांगितलं होतं पहिल्या वर्षात इमिग्रेशनचं बिल आणू. आधी मंदी, मग हेल्थकेअर, मग बँकांचा कायदा (तो जुलै २०१० ला झाला, डॉड-फ्रँक, चांगला झाला), आणि इमिग्रेशन ढकलत ढकलत डिसेंबर २०१० मध्ये ड्रीम ॲक्ट (लहानपणी कागदपत्रांविना इथे आणलेल्या मुलांना कायदेशीर करायचं बिल) सिनेटमध्ये ५५ मतं मिळवून हरला. ५५ मिळवून हरला, साठ लागतात ना. २०१३ मध्ये सिनेटने दोन्ही पक्षांचं मिळून बिल ६८-३२ ने पास केलं, रिपब्लिकन स्पीकर बेनर यांनी ते हाऊसमध्ये मतदानाला घेतलंच नाही. २०१९ मध्ये नुसती सात टक्क्यांची अट काढायचं छोटं बिल हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचं वेगळं रूप एकमताने पास केलं, दोन्हींचा मेळ घालायच्या आत सभागृहाची मुदत संपली. दोन्हीकडे पास आणि तरी कायदा नाही! बायडेननी पहिल्याच दिवशी सगळं एकत्र बांधलेलं भलंमोठं बिल पाठवलं, त्यावर मतदानही झालं नाही. मग रिकन्सिलिएशनमध्ये घुसवायचा प्रयत्न केला तर २०२१ मध्ये त्या नियमवाल्या बाईंनी तीनदा नाही म्हटलं. भिजत घोंगडं म्हणजे काय ते इथे बघा.

आणि सहीचा रस्ता इथे दोन्ही बाजूंनी चालतो. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवारी संध्याकाळी ट्रम्पनी एच-वन-बीवर १ लाख डॉलर फीचा आदेश काढला, लागू रविवारपासून. नवरात्रासाठी पुण्या-नाशिकला गेलेली मुलं एका रात्रीत तिकिटं बदलत होती, मग खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना. तोपर्यंत तिकिटाचे पैसे गेलेच.

गंमत सांगू? आमचा नंबर अखेर लागला तो कुठल्याच सरकारच्या प्रायॉरिटीमुळे नाही. कोविडमध्ये परदेशातल्या अमेरिकन वकिलाती बंद होत्या, फॅमिलीच्या कोट्यातली कार्डं वाटली गेली नाहीत, ती नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या रांगेत आली, आणि २०२१ च्या शेवटी आमची तारीख उघडली.

म्हणून इमिग्रेशनला नंबर देताना मोठं काही मागू नका असं माझं मत. सगळं एकत्र बांधलं की एकाला सीमा हवी, एकाला शेतमजूर, एकाला आयटीवाले, आणि मोळी पाण्यात. दोन्ही सभागृहांतून जे पुढे सरकलं ते छोटं आणि दोन्ही पक्षांचं होतं.

रस्ते-पूल पटकन उरकते. हा एकच चौकोन जिथे साठाचा रस्ता खरंच चालतो, २०२१ चा १.२ ट्रिलियनचा कायदा सिनेटमध्ये ६९-३० ने, १९ रिपब्लिकन धरून. आणि पेनसिल्व्हेनियाला हे शिकवायला नको, २८ जानेवारी २०२२ ला बायडेन याच कायद्याबद्दल बोलायला पिट्सबर्गला यायचे होते त्याच पहाटे तिथला फर्न हॉलो पूल वरच्या बससकट कोसळला. जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात आय-९५ चा तुकडा टँकरच्या आगीत पडला तर १२ दिवसांत वाहतूक सुरू, म्हणजे मनात आणलं की होतं. एरवी मात्र एका सरकारचं भूमिपूजन आणि तिसऱ्या सरकारचं उद्घाटन. आमच्याकडे हडसनखालचे रेल्वेचे बोगदे १९१० चे आहेत, नवीन बोगद्याचं काम सुरू झालेलं २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी रद्द केलं होतं. पहिल्या वर्षात सांगून दुसऱ्या वर्षात दिसेल असं इथे काही नाही.

तर मी भाचीला क्रम सांगितला: एक हेल्थकेअर, कारण रस्ता मोकळा आहे आणि झालेलं टिकतं. दोन इमिग्रेशन, आणि शेजारी पेनने लिही, फक्त देशाच्या कोट्याचं छोटं बिल. तीन क्लायमेट. चार रस्ते. पाच महागाई, कारण ते तुझ्यावाचून होणार आहे.

ती गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, ते महिन्याचे तीनशे डॉलर मला येत होते. डे-केअरला जायचे सगळे. तेव्हाही सगळे म्हणत होते, हे काय, कायम होणारच. कुणी मागितलंच नाही ना मग."

मला यावर उत्तर नव्हतं. चेक यायचा तेव्हा कुणी मागायला गेलं नाही आणि बंद झाल्यावर मागून उपयोग नव्हता, म्हणजे माझं ते आपोआप होतं वगैरे गणित पहिल्या चेकपुरतंच खरं, पुढे चालू राहायला कुणीतरी कार्डावर लिहावंच लागतं. तिला म्हटलं बरोबर आहे तुझं, घाल वर.

संध्याकाळी तिने भरलेल्या कार्डाचा फोटो पाठवला. एक हेल्थकेअर. दोन महागाई, बाजूला बारीक अक्षरात मुलांचं क्रेडिट कायम करा. तीन रस्ते-पूल, तिच्या ऑफिसच्या वाटेवर एक लेन वर्षभर बंद आहे. चार क्लायमेट. इमिग्रेशन पाच.

मी फोन केला, म्हटलं अगं पाच?

"मावशी, तुझं झालं ना आता. माझंही झालंय."

झालंय खरं. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक जोडपं राहतं, कोल्हापूरकडचं, ती माझ्यासारखीच इंजिनिअर, त्यांची प्रायॉरिटी डेट २०१८ ची आहे आणि मतदारयादीत दोघांचंही नाव नाही. बुलेटिन आलं की ती वर येते, काकू बघा ना, काही हललंय का. या महिन्याचं अजून यायचंय.